दाखवलेली जागा

आमच्या इमारतीत खोली आधी नसते. दार उघडून आत काही ठेवलं की तेवढी खोली होते. खुर्ची ठेवली तर खुर्चीपुरती, पलंग ठेवला तर पलंगापुरती आणि भोवती माणूस वळू शकेल इतकी. काही ठेवलं नाही तर दारामागे काही नसतं, अंधारसुद्धा नसतो. तरी प्रत्येक घराला दारं चार आहेत, आणि किल्ल्या देताना कंपनीने सगळ्यांना सांगितलं होतं की तुमची जागा चार खोल्यांची आहे.

मी याच कंपनीत स्टोरेजचं, म्हणजे कॉम्प्युटरची माहिती ठेवायच्या जागेचं, काम बघतो, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. इमारतीच्या तळघरात जागेचा एक सामाईक साठा आहे. वरची घरं मागतील तशी त्यातून जागा वर येते. आमच्या धंद्यात याला थिन म्हणतात. सर्व्हरला डिस्क मोठी दाखवायची आणि द्यायची लागेल तेवढीच, कारण सगळे एकदम मागत नाहीत. सर्व्हरला याचं काही वाटत नाही. त्याला दाखवलं तेवढं आहे असं तो धरून चालतो.

माणसंही तसंच धरून चालतात, आणि माझा संताप तिथूनच सुरू होतो. शलाकाला, माझ्या बायकोला, दिवस गेले तेव्हा मी तळमजल्यावर कुलथे सरांच्या केबिनमध्ये गेलो. साठ्याचा सगळा कारभार सरांकडे आहे. मी म्हटलं, सर, आमच्यासाठी एका बाळापुरती जागा आत्ताच राखून ठेवा. सरांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला, शलाकाच्या तब्येतीची चौकशी केली, आणि म्हणाले की राखीव जागा ही जुनी पद्धत झाली. राखून ठेवलेली जागा पडून राहते आणि पडून राहिलेली जागा म्हणजे नुकसान. शिवाय तुमच्या तीन खोल्या अजून तुम्ही वापरलेल्याच नाहीत. मी म्हटलं, सर, त्या नाहीतच. ते म्हणाले, दाखवल्या आहेत ना. मी चहा तसाच ठेवून उठलो. दर महिन्याला मी जात राहिलो आणि दर महिन्याला त्यांनी माझ्या तोंडाला पानं पुसली.

आम्ही दवाखान्यात का गेलो नाही, हे मला येणारेजाणारे विचारतात. दवाखाना आमच्या झोनमध्ये नाही. तो आहे, समोरच्या गल्लीत आहे, त्याच्या अँब्युलन्सचा भोंगा आम्हाला ऐकू येतो. पण कोणी कोणाला दिसायचं हे झोन ठरवतो. आमच्या दारातून निघालेला रस्ता भाजीवाला, बँक आणि कंपनी एवढ्यांनाच भेटतो आणि परत आमच्याच दाराशी येतो. शलाका एकदा पोटाला हात लावून त्या रस्त्याने तीन फेऱ्या मारून आली आणि पायऱ्यांवर बसली. झोन बदलून द्या म्हणून मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, वर्षअखेर आहे, आता कसलेही बदल बंद आहेत, एप्रिलनंतर बघू. बाळ मार्चमध्ये येणार होतं. सरांना ते माहीत होतं, त्यांनीच तोंड भरून अभिनंदन केलं होतं.

बरं एवढंच, की सासूबाई वेळेवर येऊन पोचल्या. त्या सरकारी आरोग्यकेंद्रात सिस्टर होत्या, अडलेल्या बायका सोडवण्यात त्यांची उमर गेली. त्यांनी पलंगाशेजारी स्वतःची ट्रंक ठेवली आणि ट्रंकेपुरती खोली वाढली. मी जिन्याखाली जाऊन साठ्याची पट्टी पाहिली. थर्मामीटरसारखी उभी पट्टी आहे ती, भिंतीत बसवलेली. लाल रेघ केव्हाच मागे पडली होती आणि पारा वरच्या टोकाला टेकत आला होता.

एका इमारतीत अशी गोष्ट लपत नाही. पारा वर गेल्याचं कळताच जो तो खोल्या भरायला लागला, कारण भरलेली खोली कोणी काढून घेत नाही. लोकांनी माळ्यावरच्या गाद्या उतरवल्या, गावाहून पिंपं आणली, कोणी रिकाम्या बाटल्यांच्या गोण्या आणल्या. आमच्या वरच्या मजल्यावरचे सोनटक्के पुठ्ठ्याची रिकामी खोकी आणून एकावर एक रचत होते. सगळे एकदम मागत नाहीत, या एका वाक्यावर आख्खी इमारत उभी होती आणि आता सगळे एकदम मागत होते.

सरांनी यावर उपाय काढला तो डीडुपचा. सारख्या वस्तू अनेक ठिकाणी कशाला, एकच ठेवायची आणि बाकीच्यांना तिच्याकडे बोट दाखवायचं. दुपारी जेवणं चालू असतानाच त्यांनी ते चालवलं. सगळ्या घरांत एकाच बनावटीचा पाच लिटरचा कुकर होता, तो एक राहिला. आमच्याकडे भाताला शिट्टी झाली की ती सगळ्या मजल्यांवर व्हायची, आणि कोणी आमटीसाठी झाकण उघडलं की आमचा भात कच्चा राहायचा. बायका जिन्यात उभ्या राहून हातवारे करून पाळ्या ठरवू लागल्या. मिक्सर, इस्त्री, देवघरातली बाळकृष्णाची मूर्ती, सगळं एकेक झालं. शलाकाने बाळासाठी आणलेलं पिवळं दुपटंही गेलं, कारण तसलंच दुपटं चौथ्या मजल्यावर निघालं. ते तिथे एका तीन वर्षांच्या मुलीच्या बाहुलीला गुंडाळलेलं होतं आणि शलाकाने कपाट उघडलं की आत दुपट्यात बाहुली दिसायची. शलाका तेव्हा पहिल्यांदा रडली.

एवढं करून वाचलेली जागा संध्याकाळपर्यंत पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने पिशवी पुढे केली आणि ती उंबरठ्यावर अडली. मी आतून ओढली, त्याने बाहेरून ढकलली, पण ती घरात मावेना. मग मी घरातलं एक पातेलं बाहेर टाकायला गेलो. पातेलं गेलं, तरी पिशवी आत येईना. हे मला माहीत असायला हवं होतं, रागात विसरलो. नुसती वस्तू काढून जागा सुटत नाही. वस्तू गेल्याचं खाली साठ्याला कळतच नाही, त्याच्या लेखी तिथे अजून पातेलंच असतं. जागा परत करायची तर खडू घेऊन त्या जागेवर शून्य काढावं लागतं. शून्य दिसलं की तळघरातलं यंत्र तेवढी जागा खाली ओढून घेतं आणि मग ती दुसऱ्या कोणाला मिळते. वस्तूवरच शून्य काढलं तर जागेबरोबर वस्तूही जाते. त्यासाठी कंपनीने प्रत्येक घरात खडूची पेटी दिलेली आहे.

मी खडू शोधत होतो तेवढ्यात आतून सासूबाईंनी हाक मारली. शलाकाला कळा सुरू झाल्या होत्या.

पहिले दोन तास सगळं नीट चाललं. शलाका कळ देत होती, सासूबाई तिला श्वास कसा घ्यायचा ते सांगत होत्या. मग त्यांनी हात धुतले, पुन्हा पाहिलं, पुन्हा हात धुतले आणि मला दाराशी बोलावलं.

"परागराव, बाळाची काही चूक नाही, हिचीही नाही. वाट मोकळी आहे. पण बाहेर बाळाला जागाच नाहीये."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी घरभर नजर टाकली. पलंग, ट्रंक, गॅस, आमचे कपडे. शून्य काढण्यासारखं जे जे होतं त्यावर मी काढलं, माझी पुस्तकं, खुर्ची, टीव्ही, शलाकाचं शिलाई मशीन. प्रत्येक वेळी वस्तू गेली, खोली तेवढी आखडली आणि त्याच क्षणी इमारतीत कुठेतरी काहीतरी धपकन ठेवल्याचा आवाज झाला. मिळालेली जागा आमची नव्हती, साठ्याची होती. जो आधी ठेवेल त्याची. तरी मला वाटलं, एकदम मोठी जागा सुटली तर त्यातली थोडी तरी आमच्या वाट्याला येईल. आणि मोठी जागा कोणाकडे आहे हे मला ठाऊक होतं.

समोरच्या घरात वाघचौरे काकू एकट्या राहतात. वाघचौरे काका कंपनीत डिस्क येण्याआधीच्या, टेपच्या काळातले. गेल्या वर्षी गेले. त्यांची खोली काकूंनी होती तशी ठेवली आहे. आत जुन्या रेडिओंचे सांगाडे, तारा, काकांचा पलंग. आणि काकांचा खोकला आहे. त्यावर कोणी शून्य काढलं नाही, म्हणून तो तिथेच राहिला. दिवसातून चारपाच वेळा उशीच्या बाजूने येतो, आधी दोनदा कोरडा, मग एक लांब. काकू स्वयंपाकघरातून "पाणी देऊ का" असं विचारतात.

मी त्यांच्या दाराशी जाऊन सगळं सांगितलं. मला हात जोडावे लागले याचाही राग येत होता. 

"ह्यांनी तीस वर्षं त्या तळघरात काढली," त्या म्हणाल्या. "तुझ्या साहेबाला एक खोली जास्त बघवत नाही का रे? त्याची केबिन केवढी आहे?"

मी म्हटलं, मोठी आहे.

"मग तिथे काढायला सांग शून्य."

 आमच्या घरातून शलाकाचा आवाज आला. काकूंनी डोळे मिटले, मग आत जाऊन खडू घेऊन आल्या. मला त्यांनी खोलीत येऊ दिलं नाही. उंबरठ्यातून मला दिसत होतं. त्यांनी एकेका सांगाड्यावर शून्य काढलं, पलंगाच्या चारही पायांवर काढलं, भिंतींवर काढलं, आणि खोली चहूकडून त्यांच्या जवळ जवळ येत गेली. शेवटी उशी राहिली. त्या उशीजवळ बसून वाट बघत राहिल्या. दोनदा कोरडा खोकला आला. त्यांनी नेहमीच्या आवाजात "पाणी देऊ का" असं विचारलं आणि लांब खोकला सुरू होताच उशीवर शून्य काढलं. मग त्या बाहेर आल्या, कारण आत उभं राहायला काही उरलं नव्हतं. दार उघडं होतं आणि दारामागे अंधारसुद्धा नव्हता.

"जा लवकर," त्या म्हणाल्या.

मी दोन ढांगांत घरी आलो. सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी वाकून बसल्या होत्या. बाळाचं डोकं बाहेर आलं होतं. डोकं तेवढंच, मानेपर्यंत. ओलं, काळ्या केसांचं, डोळे उघडे. वर काहीतरी सरकल्याचा मोठा आवाज झाला, छताची धूळ पडली, आणि बाळ तिथेच थांबलं.

काकांच्या आख्ख्या खोलीतून आम्हाला एक डोकं मिळालं होतं. मी ए जिन्याने वर धावलो. आमच्याकडे कुठेही जायला दोन जिने असतात, एक बंद पडला तर दुसरा. ए जिना खोक्यांनी भरला होता म्हणून मी खाली येऊन बी जिन्याने गेलो. सोनटक्क्यांचं चौथं दार उघडं होतं. दारामागे एक नवीकोरी लांबरुंद खोली होती आणि सोनटक्के बनियनवर तिच्यात खोकी लावत होते. खोक्यांत काही नव्हतं. काही खोकी त्यांनी लग्नाच्या कागदात गुंडाळली होती.

मी त्यांना म्हटलं की ती खोली वाघचौरे काकांची आहे. ते म्हणाले की त्यांना चार खोल्या दाखवल्या होत्या आणि ही चौथी आहे. वैशाखात मुलाचं लग्न आहे, सून येणार, तिला कुठे ठेवू? माझ्या घरात काय चाललंय ते मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. एक खोकं काढलं तर ती जागा तुम्हालाच मिळेल असं लिहून देता का, त्यांनी विचारलं. मला ते देता येत नव्हतं. मी त्यांची कॉलर धरली होती हे मला ती सोडताना कळलं.

तिथून मी सरळ तळमजल्यावर गेलो. इमारतीत आता कशालाच जागा नव्हती, फक्त माझा राग वाढत होता आणि मावतही होता. सरांची केबिन मला नेहमीपेक्षा लांब वाटली. दारापासून टेबलापर्यंत पोचायला मला वेळ लागला. टेबलावर एक नवीन मोठा स्क्रीन होता आणि स्क्रीनवर आमची इमारत हिरवी दिसत होती.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. आवाज चढवूनच सांगितलं. सरांनी मध्ये तोंड घातलं नाही. मग त्यांनी स्क्रीनवर आमचं घर उघडलं.

"खटावकर, इथे तर काहीच अडचण दिसत नाही. तुमच्या नावावर एक पूर्ण बाळ दाखवलेलं आहे."

"सर, डोकं आलंय. नुसतं डोकं."

"दाखवलेलं पूर्ण आहे."

"मग उरलेलं कधी मिळेल?"

"साठा सामाईक आहे. कोणीतरी जागा सोडली की मिळेल. तुम्ही स्टोरेजमध्ये आहात, हे तुम्हाला मी सांगायला नको."

मी म्हटलं, तुम्ही सोडा. ही केबिन सोडा. त्यांनी शांतपणे सांगितलं की केबिन थिन नाही. ती पहिल्या दिवशीच पूर्ण घेतलेली आहे, राखीव. मी टेबलावरचा पेला उचलून त्या स्क्रीनवर मारला. पेला फुटला, पण तिथे जागा पेल्यापुरतीच राखीव होती, काचांना पडायला नव्हती, त्यामुळे तुकडे हवेत पेल्याच्याच आकारात राहिले. सर म्हणाले, घरी जा, तुमची तिकडे गरज आहे. आणि हे मात्र खरं होतं.

मी वर आलो तेव्हा आमचं घर पलंगापुरतं उरलं होतं. सासूबाई ट्रंकेवर पाय घेऊन बसल्या होत्या. ट्रंकेवर शून्य काढू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यात कात्री आणि दोरा आहे, ती लागेल. बाळ माझ्याकडे बघत होतं. ते रडत नव्हतं, कारण रडायला लागणारी छाती अजून आत होती. ओठ निळसर होऊ लागले होते. शलाकाने माझा हात धरला. तिची नखं माझ्या तळहातात रुतत होती आणि तिच्या चेहऱ्यावर मी पाहिला तो माझ्याहून मोठा राग होता.

"काय म्हणाला तो?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"कोणीतरी म्हणजे कोण?"

मी पेटीतून खडू काढला आणि पलंगाच्या पायथ्याशी, बाळाच्या अगदी जवळ बसलो. लांब सुटलेली जागा दुसरा कोणी घेतो. इथेच सुटली तर सगळ्यात आधी बाळ घेऊ शकेल. मी शलाकाला सांगितलं की मी म्हणेन त्याच क्षणी कळ दे, आधी नको, नंतर नको. सासूबाईंना सांगितलं की डोक्याला आधार देऊन तयार राहा. त्यांनी माझ्या हातातल्या खडूकडे पाहिलं, पायमोजा काढलेल्या माझ्या पायाकडे पाहिलं, आणि बाळाच्या डोक्याखाली हात धरले.

मी डाव्या पावलावर शून्य काढलं आणि म्हटलं, "दे."

दुखलं नाही. घोट्याखाली फरशी दिसायला लागली. बाळाचा एक खांदा बाहेर आला, मग दंड, मग मुठीत मिटलेला हात.

उजव्या पावलावर शून्य काढलं तेव्हा शलाकाला एक श्वास उशीर झाला. वर धपकन आवाज आला. सोनटक्क्यांनी आणखी एक खोकं ठेवलं होतं. माझं पाऊल गेलं आणि बाळ होतं तेवढंच राहिलं. मी छताकडे बघून तोंडात येतील त्या शिव्या दिल्या. सोनटक्क्यांना दिल्या, कुलथे सरांना दिल्या, दाखवलेल्या चारही खोल्यांना दिल्या. शलाकाही देत होती. सासूबाईंनी आम्हाला दोघांना गप्प केलं आणि शलाकाच्या कपाळावरचा घाम पुसला.

"आई, किती राहिलंय?" शलाकाने विचारलं.

सासूबाईंनी बाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, पायांपासून डोक्यापर्यंत, ट्रंकेत काय काय बसेल हे बघावं तसं.

मी खडू गुडघ्यावर टेकवला आणि म्हटलं, "दे."